मोटारीचा स्टार्टर बदलताना: जुळणारा भाग कसा ओळखावा आणि कसा बसवावा

स्टार्टर मोटर, म्हणजे गॅरेजमध्ये जिला सर्रास ‘सेल्फ’ म्हणतात ती, बहुतेक छोट्या मोटारींमध्ये दोन किंवा तीन बोल्ट, एक जाड केबल आणि एक बारीक वायर एवढ्यांवर बसवलेली असते. त्यामुळे ती काढणे आणि नवी लावणे हे काम हाताला थोडी सवय असलेल्या माणसाला घरीही जमते. नवख्या माणसाची चूक सहसा पाना चालवताना होत नाही, ती त्याआधी दुकानात होते. नव्या मोटरची छिद्रे जुळली आणि बोल्ट आत गेले म्हणजे भाग जुळला, असे समजून ती बसवली जाते. पण स्टार्टरचा खरा संबंध बोल्टांशी नसून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकाच्या, कडेवर असलेल्या रिंग गियरशी, म्हणजे दातेरी कड्याशी असतो. चुकीचा स्टार्टर त्या गियरचे दात खातो आणि दात गेल्यावर ती रिंग बदलण्यासाठी गियरबॉक्स खाली उतरवावा लागतो. हा खर्च स्टार्टरच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो, म्हणून या लेखात बसवण्याइतकीच जागा निवडीला दिली आहे.

येथे सांगितलेली पद्धत आडवे इंजिन आणि हाताने बदलायचा गियर असलेल्या छोट्या पेट्रोल मोटारी, म्हणजे मारुती ८००, अल्टो, वॅगन आर, सँट्रो अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. डिझेल, ऑटोमॅटिक आणि सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांबाबत जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

दोष स्टार्टरचाच आहे ना?

किल्ली फिरवली की इग्निशन स्विचकडून एक लहान प्रवाह स्टार्टरच्या पाठीवर बसवलेल्या सोलेनॉइडच्या, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणाऱ्या स्विचच्या, बारीक टर्मिनलला मिळतो. अनेक स्टार्टरांवर या टर्मिनलजवळ ५० हा आकडा असतो आणि बॅटरीची जाड केबल जिथे लागते तिथे ३०. सोलेनॉइड एकाच वेळी दोन कामे करतो. तो काट्याच्या साहाय्याने पिनियन, म्हणजे मोटरच्या टोकाचे लहान दातेरी चाक, पुढे ढकलून रिंग गियरमध्ये गुंतवतो आणि आतले तांब्याचे संपर्क जोडून मोटरला बॅटरीचा मोठा प्रवाह देतो. पिनियनला साधारण आठ ते दहा दात असतात, रिंग गियरला शंभराच्या आसपास. म्हणून इंजिनाचा एक फेरा होईपर्यंत पिनियनचे दहाहून अधिक फेरे होतात. इंजिन चालू झाल्यावर त्याने उलट स्टार्टरला भयंकर वेगाने फिरवू नये, यासाठी पिनियनमागे एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो.

ही साखळी लक्षात घेतली की आवाजावरून बराच अंदाज येतो. किल्ली फिरवल्यावर टकटकटक असा सलग आवाज येत असेल, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन पुढे काहीच होत नसेल आणि हेडलाइट झगझगीत राहत असतील, तर सोलेनॉइडचे संपर्क किंवा मोटरच्या फिरत्या भागाला प्रवाह पोहोचवणारे कार्बन ब्रश झिजल्याची शक्यता मोठी. मोटर घूं करून फिरते पण इंजिन हलत नाही, असे असेल तर पिनियनचा क्लच घसरतो आहे. खरखरीत दात घासल्याचा आवाज आला, तर पिनियन आणि रिंग गियर दोन्ही तपासले पाहिजेत. अजिबात आवाज नसेल तर आधी फ्यूज, स्टार्टरचा रिले, क्लच पेडलवरचा स्विच आणि ऑटोमॅटिक गाडीत पार्क-न्यूट्रलचा स्विच पाहावा. इंजिन जोमाने फिरते आहे पण सुरू होत नाही, तर स्टार्टर निर्दोष आहे. तिथे पेट्रोल, ठिणगी किंवा इमोबिलायझरकडे, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या व्यवस्थेकडे, वळावे.

अंदाजावर पैसे खर्च करू नयेत. साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दिसला तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. त्यानंतर फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करून, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक लावून ठेवावी आणि सोबतच्या माणसाला काही सेकंद सेल्फ मारायला सांगावे. पट्टे आणि पंखा यांपासून हात आणि सैल कपडे दूर असावेत. त्या वेळी बॅटरीचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहावे. बॅटरी ठणठणीत असूनही इंजिन जड फिरत असेल, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरे स्टार्टरच्या ३० क्रमांकाच्या खिळ्यावर (आटे असलेल्या स्टडवर) धरून सेल्फ मारावा. येथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या जोडात आहे. हीच तपासणी बॅटरीचा निगेटिव्ह आणि स्टार्टरचे अंग यांच्यातही करावी. कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात चिखल-पाणी सोसलेल्या गाड्यांत इंजिनाची अर्थिंगची पट्टी सडून असा दोष येतो आणि चांगला स्टार्टर उगाच बदलला जातो. शेवटची तपासणी ५० क्रमांकाच्या वायरची: किल्ली फिरवल्यावर तिथे दाब पोहोचत असेल, केबल आणि अर्थिंग ठीक असतील आणि तरीही मोटर हलत नसेल, तर दोष स्टार्टरमध्येच आहे.

एवढ्यावरही लगेच नवा घ्यावा असे नाही. फक्त ब्रश, बुश (दांडा ज्यांत फिरतो ती कडी) किंवा सोलेनॉइडचे संपर्क गेले असतील, तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, शाबूत असेल तर अशी दुरुस्ती पुष्कळ टिकते. आर्मेचर जळाले असेल, अंगाला तडा असेल किंवा क्लच, ब्रश, सोलेनॉइड सगळेच एकदम थकले असेल, तर पूर्ण बदल परवडतो.

जुळणारा भाग म्हणजे काय

सर्वांत खात्रीचा आधार म्हणजे जुन्या स्टार्टरवरचा क्रमांक. तो अंगावरच्या पट्टीवर किंवा चिकटवलेल्या कागदावर असतो. मातीखाली दडलेला असल्यास ओल्या फडक्याने हळूच पुसावा, तारेच्या ब्रशने घासू नये. क्रमांक दोन प्रकारचे असतात. एक गाडी बनवणाऱ्या कंपनीचा: सुझुकीच्या स्टार्टरचा क्रमांक ३११०० ने सुरू होतो, ह्युंदाईचा ३६१०० ने, टोयोटाचा २८१०० ने, होंडाचा ३१२०० ने. हे पहिले पाच आकडे केवळ ‘हा स्टार्टर आहे’ एवढेच सांगतात. कोणत्या इंजिनाचा ते पुढच्या आकड्यांत आणि अक्षरांत असते, म्हणून पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. दुसरा क्रमांक स्टार्टर बनवणाऱ्याचा, म्हणजे लुकास टीव्हीएस, डेन्सो, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, व्हॅलिओ किंवा बॉश यांचा. बॉशचा स्टार्टर आणि अल्टरनेटरचा व्यवसाय २०१८पासून एसईजी ऑटोमोटिव्ह या नावाने वेगळा झाला आहे, त्यामुळे जुन्या बॉश क्रमांकाचा स्टार्टर एसईजीच्या खोक्यात मिळाला तर दचकू नये. कंपन्या जुना क्रमांक बंद करून नवा काढतात हेही लक्षात ठेवावे. अशा वेळी दुकानदाराला कॅटलॉगमध्ये जुन्याच्या जागी नवा क्रमांक दाखवायला सांगावे.

केवळ गाडीचे नाव आणि वर्ष सांगून भाग मागणे पुरेसे नाही. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेलचा स्टार्टर वेगळा असतो, हातगियर आणि ऑटोमॅटिकचाही अनेकदा वेगळा असतो, आणि इंजिन बदलले की नाव तेच राहूनही स्टार्टर बदलतो. मारुतीच्या वॅगन आरसारख्या गाडीत वर्षानुवर्षे वेगवेगळी इंजिने आली. म्हणून चॅसिस क्रमांक आणि इंजिनाचा प्रकार दोन्ही सोबत न्यावेत.

जुन्या स्टार्टरचा क्रमांक वाचता येत नसेल किंवा दुसऱ्या बनावटीचा भाग घ्यायचा असेल, तर दोन्ही मोटरी दुकानाच्या टेबलावर शेजारी ठेवून तपासाव्यात. हे काम घाईने करू नये, कारण पुढचे सगळे याच दहा मिनिटांवर अवलंबून आहे. पहिल्यांदा पिनियनचे दात मोजावेत आणि ते नेमके तेवढेच असले पाहिजेत. नऊच्या जागी दहा चालत नाहीत. दातांची संख्या सारखी असूनही पिनियनचा बाहेरचा व्यास वेगळा असू शकतो, म्हणजे दातांचा आकारच वेगळा आहे. तो व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजावा. मग तोंडाच्या पट्टीपासून, म्हणजे जी बाजू गियरबॉक्सच्या आवरणाला टेकते तिथपासून, विसावलेल्या पिनियनच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर जास्त असेल तर पिनियन स्थिर असतानाही रिंग गियरला घासू शकतो आणि कमी असेल तर पुढे येऊनही अर्धवटच गुंततो. अर्धवट गुंतलेले दात टोकाशीच भार घेतात आणि तुटतात.

त्यानंतर मोटरच्या तोंडाचा जो गोल उठाव आवरणाच्या भोकात बसतो, त्याचा व्यास पाहावा. स्टार्टरला त्याच्या नेमक्या जागी हा उठाव धरून ठेवतो, बोल्ट केवळ आवळतात. उठाव सैल असेल तर पिनियन आणि रिंग गियर यांच्यातले अंतर बिघडते. बोल्टांच्या छिद्रांमधले अंतर, छिद्रांचा व्यास आणि एखाद्या कानात (बोल्टासाठी बाहेर काढलेल्या भागात) आटे कापलेले आहेत की साधे छिद्र आहे, हेही मिळवून पाहावे. सोलेनॉइड मोटरच्या कोणत्या बाजूला, किती कोनात आहे हे महत्त्वाचे, कारण काही अंशांच्या फरकाने तो सायलेन्सरच्या पाइपला किंवा इंजिनाच्या अंगाला टेकू शकतो. बारीक वायरचे टर्मिनल सपाट पट्टीचे आहे की खटक्याच्या प्लगचे, हे पाहावे. वायर कापून दुसरे टोक लावण्याची वेळ येणे हेच भाग चुकल्याचे लक्षण समजावे. फिरण्याची दिशाही तीच हवी. टेबलावर दोन्ही मोटरी फिरवून पाहिल्यास ती लगेच कळते.

शक्तीबाबत नियम सोपा आहे: किलोवॅटचा आकडा जुन्याइतका किंवा किंचित अधिक चालतो, कमी कधीच चालत नाही. छोट्या पेट्रोल इंजिनाला साधारण एक किलोवॅटच्या आसपासचा स्टार्टर पुरतो. डिझेल इंजिनात हवेचा दाब बराच जास्त असल्याने तिथे याच्या दीड-दोन पट शक्ती लागते. जुन्या थेट फिरणाऱ्या मोटरच्या जागी आतमध्ये गियर असलेली लहान, हलकी मोटर मिळाली, तर वरच्या सगळ्या मापांत ती बसते का एवढेच पाहावे. बसत असेल तर ती कमी प्रवाहात अधिक जोर देते आणि तो बदल मी चांगलाच मानतो. सिग्नलवर इंजिन बंद-चालू करणाऱ्या गाडीत मात्र साधा स्टार्टर लावू नये. त्या व्यवस्थेत जिथे हाच स्टार्टर पुन्हापुन्हा वापरला जातो, तिथे त्याचे ब्रश, बुश आणि पिनियन अनेकपट अधिक वेळा चालण्यासाठी बनवलेले असतात.

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा आपल्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात साधारण चार प्रकार समोर येतात: गाडी कंपनीच्या खोक्यातला, त्याच बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातला, रिकंडिशन केलेला आणि भंगारातल्या गाडीचा. माझ्या मते दुसरा प्रकार घेणे सर्वांत शहाणपणाचे, कारण कारखाना तोच आणि किंमत सहसा कमी. रिकंडिशन घ्यायचा तर आर्मेचर जुनेच आहे की रिवाइंड केले आहे, म्हणजे त्यावर नव्या तारा गुंडाळल्या आहेत, आणि बुश व क्लच नवे घातले आहेत का, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. भंगारातला स्टार्टर दुकानात बॅटरी लावून फिरवून दाखवल्याशिवाय घेऊ नये. अनेक दुकाने विजेचे भाग एकदा बसवल्यावर परत घेत नाहीत. म्हणून पाहणी आणि चाचणी दुकानातच उरकावी.

जुना स्टार्टर काढणे

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून आणि चाकांना अडसर देऊन उभी करावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण अनेक गाड्यांत स्टार्टर एक्झॉस्टच्या अगदी जवळ असतो. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी काढावे आणि ते मागे उसळून खांबाला लागणार नाही असे बाजूला बांधावे. पॉझिटिव्ह आधी काढू लागल्यास पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर जबर ठिणगी उडते, आणि स्टार्टरच्या जाड केबलला वाटेत बहुधा फ्यूजही नसतो. केबल उघडी असताना बॅटरी जोडलेली असणे ही या संपूर्ण कामातली सर्वांत धोकादायक गोष्ट आहे.

आता स्टार्टरपर्यंत वाट करावी. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा किंवा बॅटरी आणि तिचा ट्रे काढल्यावर वरूनच हात पोहोचतो. काहींत खालून जावे लागते. तेव्हा जॅकने उचलून गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर, टेकवावी आणि ती हलवून पाहिल्यानंतरच खाली जावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. काहीही सोडण्याआधी मोबाइलवर वायरींचे आणि बोल्टांचे दोन-तीन कोनांतून फोटो काढून ठेवावेत.

जाड केबलवरची रबरी टोपी सरकवून तिचा बाहेरचा नट सोडावा. त्यामागचा दुसरा नट सोलेनॉइडचा खिळा धरून ठेवतो, त्याला हात लावू नये. बारीक वायरच्या प्लगचा खटका दाबून तो सरळ ओढावा, वायरला धरून ओढू नये. त्यानंतर बोल्ट. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवल्यास बरेच त्रास वाचतात. डोके गोल होऊ नये म्हणून सहा बाजूंची गोटी (सॉकेट) आणि लांब दांड्याचा रॅचेट वापरावा. बोल्टांची लांबी वेगवेगळी असू शकते आणि एखाद्या बोल्टाखाली अर्थिंगची पट्टी किंवा वायरचा क्लिप असतो, म्हणून कोणता कुठला ते खूण करून ठेवावे. शेवटचा बोल्ट सोडताना एका हाताने मोटर धरलेली असावी, कारण लहान दिसली तरी ती वजनदार असते. ती अडकून बसली असेल तर डावी-उजवीकडे हलवत बाहेर घ्यावी. गियरबॉक्सचे आवरण अॅल्युमिनियमचे असते आणि पहारीने उचकटल्यास त्याला तडा जातो. मोटर आणि आवरण यांच्यामध्ये पातळ पत्रा किंवा चकती निघाली, तर ती जपून ठेवून त्याच जागी परत घालावी.

भोक उघडे आहे तोवर रिंग गियर नक्की पाहावा. इंजिन बंद होताना ठराविक दोन-तीन जागीच थांबते, त्यामुळे झीजही रिंगच्या त्याच भागांत होते; एका जागी बघून समाधान मानू नये. क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने सावकाश फिरवत टॉर्चने संपूर्ण घेर तपासावा. दातांच्या कडा थोड्या घासलेल्या असणे स्वाभाविक आहे. तुटलेले किंवा चाकूसारखे निमुळते झालेले दात दिसले, तर नवा स्टार्टर लावण्याआधी तो प्रश्न मिटवावा. भोकातून इंजिन ऑइल आत झिरपताना दिसले, तर ती गळती थांबवल्याशिवाय नव्या मोटरचे ब्रश आणि क्लचही टिकणार नाहीत.

नवा बसवणे आणि चाचणी

दुकानात तुलना झाली असली तरी बसवण्यापूर्वी दोन्ही मोटरी पुन्हा एकदा शेजारी ठेवाव्यात. त्यानंतर गियरबॉक्सच्या आवरणाची आणि स्टार्टरच्या तोंडाची टेकणारी बाजू धातू चमकेपर्यंत साफ करावी. मोटरची अर्थिंग याच बाजूंमधून जाते, म्हणून तिथे रंग, गॅस्केट किंवा सिलिकॉन लावू नये. मोटर भोकात सरळ बसवावी. ती हाताने पूर्ण टेकली पाहिजे. फट राहिली असताना बोल्ट आवळून ती मिटवण्याचा प्रयत्न केल्यास कान तुटतो. सगळे बोल्ट आधी बोटांनी काही आटे फिरवावेत, मग आळीपाळीने आवळावेत आणि शेवटी गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने पक्के करावेत.

जाड केबलचे कडे पॉलिश पेपरने उजळून खिळ्यावर घालावे आणि नट आवळावा, पण जोर आवरावा. हा खिळा तांब्याचा असतो, त्याचे आटे सहज जातात आणि जास्त पीळ दिल्यास तो आत फिरून सोलेनॉइड निकामी होतो. केबलचे कडे मोटरच्या अंगाला किंवा पत्र्याला कुठेही टेकत नाही हे पाहून रबरी टोपी परत घालावी. बारीक वायरचा प्लग खटका ऐकू येईपर्यंत दाबावा. वायरी एक्झॉस्टपासून दूर, पूर्वीच्याच क्लिपांमध्ये न्याव्यात. काढलेले भाग परत लावून बॅटरीचे पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी जोडावे. पंपाचा फ्यूज काढलेला असेल तर पहिली चाचणी होईपर्यंत तो तसाच ठेवावा.

पहिल्यांदा एक-दोन सेकंदच सेल्फ मारावा आणि कान देऊन ऐकावे. एकसारखा, भरीव आवाज यायला हवा. मग फ्यूज लावून इंजिन सुरू करावे. इंजिन फिरत असताना, पेटण्याआधी, तीक्ष्ण किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर पिनियन रिंग गियरपासून दूर बसला आहे. इंजिन पेटल्यावर किल्ली सोडताना तसा आवाज येत असेल, तर तो फार जवळ आहे किंवा मागे सरकत नाही. काही इंजिनांत पातळ चकत्या घालून हे अंतर सुधारण्याची सोय असते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती नसते, त्यामुळे तिथे असा आवाज म्हणजे भाग चुकला किंवा मोटर तिरपी बसली. दोन्ही स्थितींत पुन्हा सेल्फ न मारता स्टार्टर बाहेर काढावा. ‘बसेल हळूहळू’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये, कारण दात एकमेकांना जुळवून घेत नाहीत, ते झिजतात.

आवाज ठीक असेल तर सेल्फ मारताना बॅटरीचा दाब आणि इंजिन चालू असताना चार्जिंगचा दाब मोजावा. चार्जिंग साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असावे. गाडी गरम झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पुन्हा पाहावे. दोन-चार दिवस चालवल्यानंतर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून बोल्ट आणि केबलचा नट सैल झालेला नाही ना, हे एकदा तपासावे. पुढेही सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण मोटरला थंड होण्यासाठी दुसरी कोणतीच सोय नसते. अडलेल्या स्टार्टरला हातोडीने ठोकण्याची सवयही नव्या मोटरवर चालवू नये. आजच्या अनेक स्टार्टरांत आतल्या बाजूला कायम चुंबक असतात आणि ते ठोक्याने तडकतात.

जुना स्टार्टर रिकंडिशन करणारे दुकानदार पैसे देऊन घेतात, किंवा नव्याच्या किमतीतून त्याचे मोल वजा करतात. तो देण्यापूर्वी त्यावरचा पूर्ण क्रमांक आणि नव्या भागाचा क्रमांक, बिलाच्या तारखेसह आणि गाडीच्या किलोमीटरसह, सर्व्हिस बुकात लिहून ठेवावा.